उघडा सूर

गोपाळराव गणवीर आमच्या तालमीला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मफलर सोडला नाही. डिसेंबरचे दिवस, नागपूरची थंडी, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण चहा आला तसा कप उचलून ते बाल्कनीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून, मफलर एका हातानं खाली धरून प्यायले. आत आले ते पुन्हा नाकापर्यंत गुंडाळलेले. उंच, ताठ माणूस. बसले तेही खुर्चीच्या कडेला, पाठ न टेकता.

रामदासपेठेत श्वेता मुलमुले व्हायोलिनचा वर्ग चालवते. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी तिच्या वर्गाची शास्त्रीय संगीताची मैफल असते. शेवटी त्या संध्याकाळचे सगळे कलाकार, शिष्य आणि आमच्यासारखे हौशी लोक एकत्र मंचावर येतात आणि देशभक्तीपर रचना सादर करतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिच्याकडे हार्मोनियम वाजवते. श्वेता माझ्या मुलीच्या वयाची, पण तालमीत मी तिला घाबरून असते.

त्या वर्षी समारोपासाठी तिनं नवी मांडणी केली होती. आधी देस रागातलं एक गीत, तिच्या मैत्रिणीनं लिहिलेलं. त्यात सतार, व्हायोलिन, तबला, गायक एकेक करून यायचे. मग हळूहळू सगळं शांत होऊन एकच लांब सूर उरायचा आणि त्या सुरातून राष्ट्रगीत सुरू व्हायचं. त्या सुरासाठी तिला क्लॅरिनेट हवं होतं. "व्हायोलिनचा सूर गोड होतो गं शोभाताई," ती म्हणाली. "मला माणसाच्या श्वासाचा सूर पाहिजे." आमचा तबलजी मुकुंद म्हणाला, आमच्या वस्तीत, इंदोऱ्यात, एक काका आहेत, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. विचारून पाहतो. असे गोपाळराव आले.

त्यांच्याविषयी मला जे कळलं ते थोडं त्यांच्याकडून आणि बरंचसं त्यांच्या बायकोकडून, इंदूबाईंकडून. वडील कापड गिरणीत कामाला होते. आईवडिलांनी छप्पन्न साली नागपुरातच दीक्षा घेतली आणि त्यानंतर काही काळानं गोपाळराव जन्मले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चुलत्याच्या बँड पार्टीबरोबर चालता चालता ते क्लॅरिनेट शिकले. लग्नसराईत वाजवलं, वराती केल्या. विशीत पोलीस बँडची भरती निघाली. चुलते म्हणाले, "जाय गा. तिथं नाचणारे नसतात, सूर लागते का नाही ते तुले ऐकू येईन." ते गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

बँडमध्ये राष्ट्रगीताची मुख्य धून बहुतेक क्लॅरिनेटवाल्यांकडे असते. कस्तुरचंद पार्कच्या परेडला, कुणी मोठा पाहुणा आला तर, कुठं झेंडावंदन असलं तर, गोपाळराव पहिल्या ओळीत उभे. "माह्या बोटायले विचारा," ते एकदा म्हणाले, "झोपीत उठवलं तरी चुकणार नाही." बढाई नव्हती ती. साधी माहिती दिल्यासारखं म्हणाले.

आणि मग निवृत्तीनंतर, दोन हिवाळ्यांपूर्वी, त्यांचा चेहरा गेला.

हा शब्द त्यांचाच. पारशिवनीला मेहुण्याच्या घरी साखरपुडा होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटारसायकलनं निघाले. घरी येऊन झोपले. उठून चूळ भरायला गेले तर पाणी डाव्या बाजूनं सगळं अंगावर. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली उतरलेला, डावा डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, थंड वाऱ्याचाच दोष असेल असं नाही. पण गोपाळराव अजूनही "वारं लागलं" असंच म्हणतात. औषधं झाली, व्यायाम झाले. आरशासमोर गाल फुगवायचे, भुवया उचलायच्या, शिट्टी वाजवायची. डोळा सुधारला. बोलणं सुधारलं. बहुतेकांचं सगळंच सुधारतं, असं डॉक्टर सांगत होते. पण गोपाळरावांच्या ओठाचा डावा कोपरा काही घट्ट मिटेना.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचं सगळं त्या ओठांत असतं. तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ओठ तिच्याभोवती चारी बाजूंनी आवळले तरच फुंक आत जाते. एका कोपऱ्यातून हवा सुटली की सूर संपला.

"तीनेक महिन्यांनी त्यायनं वाज्याची पेटी उघडली," इंदूबाईंनी मला सांगितलं. "मी अंगणात होती. मले नुसतं फुस्स-फुस्स ऐकू आलं. मी तिथूनच ओरडली, अवो, गॅस बंद करा, कुकरची वाफ चालली म्हणून." हे सांगताना त्या हसल्या. मग पदर डोळ्याला लावला. "आत येऊन पाह्यते त हे बसले होते वाजा घेऊन. मले त कापल्यासारखं झालं बाई."

त्यानंतर पेटी लोखंडी कपाटावर गेली. गोपाळराव लग्नाकार्याला जाईनासे झाले, कारण तिथं पंगतीत जेवावं लागतं आणि जेवताना भाताची शितं कोपऱ्यातून सांडतात. मुकुंद बोलवायला गेला तेव्हा ते का तयार झाले, हे मला नीटसं कळलं नाही. इंदूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अवो ताई, राष्ट्रगीत म्हटलं न त्यानं. त्याले नाही कसं म्हणतीन?"

पण तालमीत ते नाहीच म्हणाले.

त्या पहिल्या दिवशी श्वेतानं त्यांना मांडणी समजावली. त्यांनी ऐकून घेतली आणि मफलरमधूनच म्हणाले, "हे नाही चालत बेटा. राष्ट्रगीताची धून ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे. त्याच्यात आलाप-गिलाप नाही घालता येत. ते काही ठुमरी नोय."

"मान्य आहे काका," श्वेता म्हणाली. "म्हणूनच मी धुनेला हात लावलेला नाही. आलाप आधीच्या गीतात संपतो. राष्ट्रगीत जसं आहे तसंच, त्याच लयीत. फक्त खालून एक सुरावट जाते आधाराला, तीही तुमच्या बँडमध्ये असते तशीच. ऐका."

तिनं आम्हाला खूण केली. आम्ही वाजवलं. गोपाळराव बोटानं मांडीवर लय धरून ऐकत होते. संपेपर्यंत त्यांच्या बोटाची लय कुठंच अडखळली नाही. श्वेतानं म्हटलेलं खरं होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग मले नाही जमत," ते म्हणाले आणि उठले. दारात चप्पल घालताना माझ्याकडे पाहून मान लववली आणि गेले. क्लॅरिनेटची पेटी त्यांनी बरोबर आणली होती, ती उघडलीसुद्धा नव्हती.

सतारवाला मोहित म्हणाला, "जुने लोक असेच असतात. नियम दाखवतात." मुकुंदला खरं कारण ठाऊक होतं. मग त्यानं आम्हाला ओठाची गोष्ट सांगितली. श्वेतानं हातातलं व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं. "आधी का नाही सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी आणि ती इंदोऱ्यात त्यांच्या घरी गेलो. दुपार होती. इंदूबाई अंगणात मुगाच्या वड्या वाळत घालत होत्या. गोपाळराव आम्हाला पाहून आत गेले आणि मफलर बांधून आले. स्वतःच्या घरात, दुपारच्या उन्हात! इंदूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"काहून बांधता तो मफलर?" त्या म्हणाल्या. "कोणापासून लपवून राहिले? हे काय पोलीस आले का तुमाले धरायले?"

"इंदू, चूप राय."

"नाही राहत चूप. दोन वर्षं राह्यली." त्या आमच्याकडे वळल्या. "ताई, यायनं घरी येऊन मले काय सांगितलं माहीत आहे? म्हणे ते लोक राष्ट्रगीताची धून बिघडवून राहिले, म्हणून मी सोडून आलो. अन् मुकुंद म्हणते धून त जशीच्या तशी आहे." मग पुन्हा नवऱ्याकडे. "तुमाले भेव वाटते. त भेव वाटते म्हणा न! देशाच्या मागे काहून लपता?"

गोपाळराव अंगणातल्या बाजेवर बसले. श्वेता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला वाटलं आता ती काही समजुतीचं बोलेल. पण ती म्हणाली, "काका, मला एकदा ऐकवा. किती हवा जाते ते पाहू."

"काय पाह्यता? कुकर आहे तो," गोपाळराव म्हणाले. इंदूबाईंनी जीभ चावली. पण गोपाळरावच किंचित हसले, आणि हसताना मफलर हलला, आणि त्यांनी तो काढला.

पुढच्या रविवारी ते श्वेताकडे आले. इतवारीतल्या दुकानातून नवी रीड आणली होती, नेहमीपेक्षा मऊ. खोलीत आम्ही तिघंच. त्यांनी क्लॅरिनेट जोडलं, तोंडाला लावलं. वरचे सूर लागलेच नाहीत, कोपऱ्यातून फसफस. खालचे लागले, पण कापरे. थोड्याच वेळात त्यांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. मी दुसरीकडे पाहिलं. श्वेतानं नाही पाहिलं दुसरीकडे.

मग एक गोष्ट झाली. क्लॅरिनेटवर एक सूर असा असतो, ज्याला सगळी छिद्रं उघडी राहतात. कुठलंच बोट लागत नाही. वाद्य नुसतं उजव्या अंगठ्यावर तोललेलं असतं. गोपाळराव तो सूर लावत होते आणि लावता लावताच रिकाम्या डाव्या हातानं रुमाल काढून त्यांनी ओठाचा कोपरा पुसला. पुसताना बोटं तिथं दाबली गेली आणि फसफस एकदम थांबली. खोलीत एक गोल, भरलेला सूर उभा राहिला.

गोपाळराव स्वतःच दचकले आणि थांबले.

"काका, पुन्हा," श्वेता म्हणाली. "तो हात तिथंच ठेवा."

त्यांनी पुन्हा लावला. बोटं गालावर, ओठाचा ढिला कोपरा दाबून धरलेला. सूर आला, आणि राहिला. मी हार्मोनियमवर शोधला: पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी.

"हा एकच लागते," ते धापा टाकत म्हणाले. "बाकीच्याले दोन्ही हात लागतात."

"मला तुमच्याकडून एकच सूर लांब पाहिजे होता," श्वेता म्हणाली.

तिनं तोच सूर सा धरून अख्खी मांडणी पांढरी चारवर आणली. हे लिहायला एक ओळ लागते, पण त्यासाठी मोहितला सतारीच्या तारा नव्यानं लावाव्या लागल्या, वरच्या पट्टीत गाणाऱ्या मुलींना खालचे सूर घोटावे लागले आणि माझी बोटं जुन्या सवयीनं भलतीकडे पडत राहिली. मोहित कुरकुरला. "एका सुरासाठी सगळ्यांनी सरकायचं?" असं तो गोपाळरावांसमोरच म्हणाला. गोपाळराव शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुहं. मीही असंच म्हटलं असतं." त्यानंतर मोहित सतार घेऊन तासभर आधी येऊ लागला.

गोपाळरावांचं म्हणणं एकच होतं. राष्ट्रगीत चालू असताना आपण नुसतं उभं राहणार नाही, खालची आधाराची सुरावट तरी वाजवू. खालच्या सुरांना ओठ कमी आवळावे लागतात. तालमीत ते जमायचं, पण लांब सुरानंतर ओठ थकलेले असायचे. कधी पूर्ण व्हायचं, कधी मध्येच सुटायचं. "सुटलं त सुटलं," श्वेता म्हणायची. त्यांना ते पटत नसे. बँडमध्ये सुटत नाही.

मैफलीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मंचाला झेंडूच्या माळा, कडेला तिरंगी पट्टे, मुली केशरी-पांढऱ्या-हिरव्या साड्यांत. गोपाळराव गडद निळ्या कोटात, दाढी गुळगुळीत, गळा मोकळा. माझ्या शेजारीच त्यांची जागा. गायन झालं, सतार झाली, श्वेताचं व्हायोलिन झालं, आणि मग समारोपासाठी आम्ही सगळे मंचावर गेलो. इंदूबाई पुढच्या रांगेत, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी गच्च धरून.

देस सुरू झाला. मुकुंदचा तबला, मोहितचे नव्या पट्टीतले स्वर, गायिका. गोपाळरावांनी खालच्या सुरांतल्या आपल्या चार ओळी वाजवल्या, नीट. मग एकेक वाद्य थांबत गेलं. तबला थांबला. मी भाता सोडला. आणि त्यांचा तो उघडा सूर एकटा राहिला.

त्यांचा डावा हात वर गेला. एवढ्या दिव्यांत, एवढ्या लोकांसमोर, त्यांनी बोटांनी गाल दाबून धरला. पुढच्या दोन-तीन रांगांतली माणसं पाहू लागली, हे मला दिसलं. कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागलं. गोपाळरावांचे डोळे उघडे होते आणि समोर, लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे, परेडमध्ये पाहतात तसे पाहत होते. सूर हलला नाही. सभागृह उठून उभं राहिलं, खुर्च्यांचा खडखडाट विरला, तरी तो होताच. त्याच सुरावर गायकांनी राष्ट्रगीत उचललं.

त्यांनी डावा हात वाद्यावर नेला आणि खालची सुरावट धरली. दोन ओळी गेल्या. तिसरीत मला शेजारून ती फसफस ऐकू आली. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा नुसती हवा. मी बोटं चालवत होते, त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते.

डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, त्यांनी क्लॅरिनेट खाली केलं. मांडीशी सरळ धरलं, टाचा जुळवल्या. आणि मग मला त्यांचा आवाज ऐकू आला. खर्जातला, गंजलेला, पण सुरात अगदी नेमका. ते गात होते. शब्दांतले "प" आणि "म" थोडे सुटत होते, ओठ पूर्ण मिटत नव्हता ना. पण प्रत्येक शब्द होता. शेवटच्या ओळींना तो आवाज एवढा मोठा झाला की माझ्या पलीकडच्या मुलीनं वळून पाहिलं.

टाळ्या झाल्या. माणसं मंचाखाली येऊन भेटली. एका बाईंनी फार काळजीनं विचारलं, "काकांची दाढ दुखत होती का हो?" गोपाळराव तोंड उघडून हसले, वाकडं हसू, जसं आहे तसं. "नाही जी," ते म्हणाले. "गाल ढिला आहे माहा. दाबून वाजवा लागते."

गर्दी सरल्यावर मी म्हटलं, शेवट सुटला म्हणून वाईट नका वाटून घेऊ.

"ताई, शाळा सुटल्यावर आज पह्यल्यांदा म्हटलं मी ते," ते म्हणाले. "पुरी नोकरी वाजवण्यात गेली न. वाजवणाऱ्याचं तोंड गुंतलेलं असते. सारे लोक म्हणत, आन् आमी फक्त त्यायले सूर देऊन राहिलो. मले त वाटे शब्द विसरलो असन."

इंदूबाई मागून आल्या. "मले तिथं ऐकू आलं तुमचं," त्या म्हणाल्या. "केवढ्यानं ओरडत होते!"

"ओरडत नोतो. गात होतो."

"तेच ते," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

त्यांचा ओठ पूर्ण बरा झालेला नाही. आता होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण ते दर रविवारी येतात. थोडा वेळ वाजवतात, ओठ थकला की वाद्य पुसून ठेवतात आणि मागे बसून आम्हा सगळ्यांच्या चुका काढतात. श्वेता येत्या पंधरा ऑगस्टसाठी नवी मांडणी करते आहे. त्यात गोपाळरावांच्या आग्रहानं बँडची संचलनाची एक संथ धून घातली आहे, तबल्याच्या साथीवर. परवा त्यावरून मुकुंदशी त्यांचं जुंपलं.

"काका, हा तबला आहे," मुकुंद वैतागून म्हणाला. "इथं लय थोडी खेळवावी लागते. परेड नाही ही."

"खेळव न गा, कोण नाही म्हणते," गोपाळराव म्हणाले. "पण चालणाऱ्यानं डावा पाय कुठं टाकायचा, तेवढं सांग."

मुकुंदनं डग्ग्यावर थाप मारून दाखवली. गोपाळराव उठले आणि श्वेताच्या त्या छोट्या खोलीत, चपला आणि वाद्यांच्या पेट्या चुकवत, त्या थापेवर चालून पाहू लागले.